बेसिक डी अँड डी: होम्स, मोल्डव्हे, मेंट्झर की सायक्लोपीडिया? टेबलावर नेमका काय फरक पडतो?

कागदपेन्सिल

पाच खेळाडू आहेत, त्यातले तिघे अगदी नवखे. पात्र झटपट तयार व्हावं आणि नियम एका वहीत मावावेत, एवढीच अपेक्षा, म्हणून डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं रंगवत फाशांनी खेळायच्या खेळाच्या जुन्या बेसिक आवृत्तीकडे वळतोय. पण बेसिक म्हणजे कोणतं? १९७७ चं होम्स, १९८१ चं मोल्डव्हे आणि त्याला जोडलेलं कुक-मार्शचं एक्सपर्ट, १९८३ पासूनचे मेंट्झरचे डबे, १९९१ ची रूल्स सायक्लोपीडिया, वर ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स आणि बेसिक फँटसी असे नवे अवतार. चाळताना सगळी सारखीच दिसतात. सहा गुण, ते ठरवायला तीन डी६ (सहा बाजूंचे फासे), पाच सेव्हिंग थ्रो (विष, जादू अशा संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा), चिलखताशिवाय आर्मर क्लास (वारापासूनचं संरक्षण, आकडा जितका कमी तितकं चांगलं) ९.

इतिहास नको, तो सगळीकडे सापडतो. प्रत्यक्ष खेळताना फरक कुठे जाणवतो? एका आवृत्तीतलं दुसऱ्या आवृत्तीत घेतलं तर कुठे बिनसतं? आणि जुनी मॉड्यूल्स (तयार साहसांची पुस्तकं) यातल्या कशावरही चालतात का?

शेवटची_मशाल

थेट सांगायचं तर मोल्डव्हे-कुक. दोन्ही पुस्तकं ६४-६४ पानांची. पानांचे क्रमांक बी१, बी२ आणि एक्स१, एक्स२ असे आहेत आणि पानांना भोकं पाडलेली होती, म्हणजे दोन्ही सुटी करून एकाच फायलीत विषयवार लावता यावीत. तुमची एका वहीची अट तिथेच पूर्ण होते.

आता फरक. लोक क्लास (पात्राचा पेशा) आणि मंत्रांच्या याद्या तपासत बसतात. खरा फरक ओझ्याच्या तक्त्यात आहे, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

प्लेट चिलखत घातलेला फायटर (लढवय्या) घ्या. वजन नाण्यांत मोजतात: प्लेट ५०० नाणी, ढाल १००, तलवार ६०, बाकी सटरफटर सामान ८०. एकूण ७४० नाणी वजन. मोल्डव्हेत ६०१ ते ८०० नाण्यांना टर्नमागे (टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं) ६० फूट. मेंट्झर आणि सायक्लोपीडियात ४०१ ते ८०० ला ९० फूट. तोच माणूस, तेच सामान, आणि गट नेहमी सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालतो.

समजा ३६० फुटांचा रस्ता नकाशा काढत पार करायचा आहे. मोल्डव्हेत ६ टर्न, मेंट्झरमध्ये ४. दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी डी६, १ आला की गाठ पडली. म्हणजे एकीकडे तीन फासे, दुसरीकडे दोन. किमान एक गाठ पडण्याची शक्यता मोल्डव्हेत ४२ टक्के, मेंट्झरमध्ये ३१. शिवाय मशाल ६ टर्न जळते, म्हणजे मोल्डव्हेत त्या एका रस्त्यातच एक मशाल संपली. (दर सहा टर्नमधला एक विश्रांतीचा असतो, तो मी इथे धरलेला नाही. धरला तर मोल्डव्हेचं गणित आणखी कडक होतं.)

हे सगळं ढालीवरून आणि चिलखतावरून ठरतं. म्हणून मोल्डव्हेत "प्लेट घ्यावं की चेन?" हा खरोखरचा प्रश्न असतो. चेन (कड्यांचं चिलखत) १०० नाण्यांनी हलकं. त्याच माणसाने प्लेटऐवजी चेन घेतलं की वजन ६४०, अजूनही ६० फूटच. ढालही ठेवून दिली की ५४० आणि वेग ९० फूट. आर्मर क्लास २ वरून ५ वर येतो. हा सौदा करायचा की नाही, यावर खेळाडू बोलायला लागले की खेळ सुरू झाला असं समजा. ओझं मोजायचंच नसेल तर मात्र आवृत्त्यांमधला अर्धा फरक तुम्ही स्वतःच पुसून टाकलात, मग कोणतीही घ्या.

मोल्डव्हेत एक खड्डा आहे. मूळ नियमाने सगळी शस्त्रं डी६ इजा करतात. शस्त्रागणिक वेगळी इजा हा पर्यायी नियम. पण दोन हातांचं शस्त्र घेणारा राउंडमध्ये (लढाईच्या एका फेरीत) शेवटी वार करतो, हा नियम तिथे आहेच. म्हणजे ढाल सोडली, शेवटी वार केला आणि इजा तीच डी६. कोण घेईल ती तलवार? पर्यायी इजा पहिल्या दिवसापासून चालू करा, दोन हातांच्या तलवारीला डी१० मिळतो आणि हिशोब बसतो. मेंट्झरने हा पर्यायच मुख्य नियम केला, ते बरोबर केलं.

तळघर_मालक

वरचं ओझ्याचं गणित मान्य. पण तिघे नवखे असताना मोल्डव्हे हातात द्यायचं, हे पटत नाही. मेंट्झरच्या लाल डब्यात खेळाडूंचं पुस्तक वेगळं आणि डीएमचं (खेळ चालवणाऱ्याचं) वेगळं. खेळाडूंच्या पुस्तकात सुरुवातीलाच एकट्याने वाचत खेळायचं साहस आहे. हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसू शकतं), आर्मर क्लास, सेव्हिंग थ्रो ही एकेक गोष्ट प्रसंग येईल तशी समजावली जाते. तेवढं वाचून आलेल्या खेळाडूला टेबलावर "सेव्हिंग थ्रो म्हणजे काय" हे सांगावं लागत नाही. मोल्डव्हे हे शोधून बघायला उत्तम पुस्तक आहे. शिकवण्याच्या बाबतीत मेंट्झर उजवा. उलट, चालू खेळात मेंट्झरमध्ये एखादा नियम शोधणं म्हणजे डोक्याला ताप, कारण तो शिकवण्याच्या क्रमाने विखुरलेला आहे.

तुम्हाला मोहीम किती लांबवायची आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. मोल्डव्हे-कुक १४ व्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या टप्प्याला) थांबतं. मेंट्झर कम्पॅनियन आणि मास्टर हे डबे धरून ३६ पर्यंत जातो, आणि त्याची किंमत थीफ (चोर) मोजतो. टाळं उघडण्याची टक्केवारी पाचव्या लेव्हलपर्यंत दोन्हीकडे सारखी, १५ ते ३५. नंतर फाटे फुटतात. दहाव्या लेव्हलला कुकच्या तक्त्यात ८५ टक्के, सायक्लोपीडियात ५८. तीच प्रगती ३६ लेव्हलवर ताणून बसवली, म्हणून मधला थीफ रोडावला. मोहीम १४ च्या पुढे जाणार नसेल तर सायक्लोपीडिया वापरतानाही थीफचा तक्ता कुकचाच घ्या. बाकी कशालाही धक्का लागत नाही.

क्लेरिकचं (पुरोहिताचं) मात्र उलट आहे. कुकच्या तक्त्यात सहाव्या लेव्हलला त्याला तिसऱ्या आणि चौथ्या पातळीचे मंत्र एकदमच मिळतात. पाचव्याला २/२, सहाव्याला २/२/१/१ (पहिल्या पातळीपासून क्रमाने रोजचे मंत्र). सायक्लोपीडियात सहाव्याला २/२/१ आणि चौथी पातळी आठव्या लेव्हलला उघडते. हा तक्ता सायक्लोपीडियाचा घ्या.

मॅजिक-यूझरच्या (जादूगाराच्या) मंत्रवहीकडेही बघा. मोल्डव्हे-कुकमध्ये वहीत तेवढेच मंत्र, जेवढे तो दिवसात टाकू शकतो. पहिल्या लेव्हलला एकच. सापडलेल्या स्क्रोलवरून (मंत्र लिहिलेल्या गुंडाळीवरून) उतरवून वही फुगवता येत नाही. मेंट्झरमध्ये सुरुवातच रीड मॅजिक आणि आणखी एक मंत्र अशी होते आणि पुढे वही वाढवता येते. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. मोल्डव्हेत पहिला मंत्र जवळजवळ ठरलेला असतो, स्लीप. दोन डी८ ची बेरीज येईल एवढ्या हिट डाइसचे (राक्षसाच्या ताकदीचं माप) राक्षस झोपतात आणि सेव्हिंग थ्रोच नाही, मग दुसरं कोण काय निवडणार? वही वाढू शकते म्हटल्यावर लोक स्क्रोलसाठी जोखीम घेतात.

सायक्लोपीडिया ३०४ पानांची आहे आणि इमॉर्टल्सचा (अमर पात्रांचा) डबा सोडला तर जवळपास सगळं एकत्र आहे. तिच्यातलं वेपन मास्टरी (शस्त्रात प्रावीण्य मिळवायचा नियम) मात्र सुरुवातीला बंद ठेवा. तो पर्यायीच नियम आहे. इजा भराभर वाढते आणि खालच्या लेव्हलच्या लढाया दोन राउंडमध्ये आटोपतात.

आठबाजू

होम्सबद्दल कुणीच बोललं नाही, तर थोडक्यात. वाचायला फार गोड पुस्तक, ४८ पानं, पण फक्त तिसऱ्या लेव्हलपर्यंत. आणि लढाईचे नियम जसेच्या तसे चालवले तर सुरीच राजा ठरते: सुरीसारख्या हलक्या शस्त्राला राउंडमध्ये दोन वार, दोन हातांच्या तलवारीला दोन राउंडमध्ये एक, आणि इजा सगळ्यांची डी६. चौपट वार, इजा तीच. शिवाय स्ट्रेंथचा लढाईत काहीच फायदा नाही. ज्यांना होम्स आवडतो ते शस्त्रांचा हा नियम काढूनच खेळतात. त्यातून एकच गोष्ट उचला: पहिल्या लेव्हलचा मॅजिक-यूझरही स्क्रोल लिहू शकतो, मंत्राच्या दर पातळीला १०० सोन्याची नाणी आणि एक आठवडा. यामुळे सोन्याला खर्चायची जागा मिळते आणि एका मंत्रानंतर नुसतं बसून राहणाऱ्या खेळाडूची सोय होते. वरची मंत्रवहीची तक्रारही थोडी सौम्य होते.

नव्या अवतारांबद्दल. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स म्हणजे मोल्डव्हे-कुकचीच नीट मांडणी. एक विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत. क्लेरिकची ती सहाव्या लेव्हलची उडीसुद्धा तशीच ठेवली आहे. मूळ नियम फुकट मिळतात. बेसिक फँटसीही फुकट आहे, पण तिथे वंश आणि क्लास वेगळे: ड्वार्फ क्लेरिक चालतो, एल्फ थीफ चालतो. मोल्डव्हेत एल्फ हाच क्लास आहे, फायटर आणि मॅजिक-यूझर एकत्र, आणि त्याचा मोबदला म्हणून दुसऱ्या लेव्हलला ४,००० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण (फायटरला २,०००, थीफला १,२००). तुमच्या नवख्यांना "मला एल्फ व्हायचंय" एवढंच माहीत असेल तर क्लासमध्ये वंश धरलेली पद्धत सोपी पडते.

दोन्हीकडचे राक्षस एकत्र वापरणार असाल तर आर्मर क्लास सांभाळा. चढत्या पद्धतीत (आकडा जितका मोठा तितकं संरक्षण जास्त) एसेन्शियल्स १९ मधून जुना आकडा वजा करते, बेसिक फँटसी २० मधून. चेन म्हणजे जुना ५, तर एकीकडे १४ आणि दुसरीकडे १५. बेसिक फँटसीत पहिल्या लेव्हलच्या पात्राला वार करताना +१ मिळतो, एसेन्शियल्समध्ये +०, म्हणून आपापल्या जागी दोन्ही बरोबर, कुठेही डी२० वर १४ च लागतो. पण बेसिक फँटसीचा राक्षस थेट एसेन्शियल्सच्या टेबलावर आणला तर प्रत्येक वाराला एकाचा, म्हणजे ५ टक्क्यांचा फटका खेळाडूंना बसतो. एक-दोन लढायांत कळत नाही, मग सगळे म्हणतात हल्ली फासे रुसलेत. आणलेल्या प्रत्येक राक्षसाच्या चढत्या आर्मर क्लासमधून १ कमी करा.

मॉड्यूल्स चालतात. बी२ हे मॉड्यूल (इथे बी१, बी२, एक्स१ म्हणजे मॉड्यूल्स, पानांचे क्रमांक नव्हेत) आधी होम्सच्या डब्यात होतं, मग मोल्डव्हेच्या. एक्स१ कुकच्या डब्यातही होतं आणि मेंट्झरच्या एक्सपर्टमध्येही. बी१ घेणार असाल तर सावध: खोल्यांमधले राक्षस आणि खजिना डीएमने स्वतः भरायचा असतो. ऐनवेळी उघडलं तर रिकाम्या खोल्याच हाती लागतील.

कागदपेन्सिल

फारच उपयोगी, सगळ्यांना धन्यवाद. मग मोल्डव्हे-कुकचे नियम, टेबलावर एसेन्शियल्स, थीफ कुकचा, क्लेरिक सायक्लोपीडियाचा, शस्त्रांची वेगळी इजा. आणखी दोन गोष्टी. सोन्याच्या दर नाण्याला एक एक्सपी हे आमच्यातल्या एकाला विचित्र वाटतंय, ते काढून फक्त राक्षसांचे एक्सपी दिले तर? आणि मोराल (राक्षस कधी धीर सोडतात ते ठरवणारा नियम) पर्यायी लिहिलंय, तर सोडून देऊ का?

शेवटची_मशाल

सोनं काढू नका. आकडे बघा. मोल्डव्हेत एका हिट डाइसच्या ऑर्कला १० एक्सपी. २० ऑर्क मारले तर २००, पाच जणांत वाटून प्रत्येकी ४०. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात, म्हणजे गटाने १,००० ऑर्क मारायचे. तोवर कोण जिवंत राहतंय? हे एक्सपी मुद्दामच क्षुल्लक ठेवलेत. लढाई टाळून खजिना बाहेर आणणाऱ्याला बक्षीस मिळावं म्हणून. बेसिक फँटसीत सोन्याचे एक्सपी मूळ नियमांत नाहीत, पण तिथे त्याच ऑर्कला २५ आहेत. तरीही हिशोब ४०० ऑर्कवर जातो. म्हणून तिथेही बरेच डीएम सोनं मोजतातच. आणि सोनं मोजलं की ओझं आपोआप मोजलं जातं, कारण एक नाणं म्हणजे वजनाचं एक एकक. आधीच ७४० नाणी ओझं असलेल्या फायटरने वर १०० नाणी उचलली की ८४०, वेग ६० वरून थेट ३० फूट. परतीचा रस्ता दुप्पट लांब.

मोरालही सोडू नका. त्या बाजूचा पहिला बळी पडला की एकदा आणि निम्मे गारद झाले की एकदा, दोन डी६ टाका. राक्षसाच्या मोरालपेक्षा जास्त आले की ते पळतात किंवा शरण येतात. मोराल ८ असेल तर दर वेळी २८ टक्के शक्यता. हे नसेल तर प्रत्येक लढाई शेवटच्या माणसापर्यंत चालते आणि पहिल्या लेव्हलची पात्रं, ज्यांना शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण, भराभर संपतात.

तळघर_मालक

त्यालाच जोडून: मोल्डव्हेत डीएमला मुभा आहे की पहिल्या लेव्हलला हिट पॉइंटच्या फाशावर १ किंवा २ आला तर परत टाकू द्यावा. थीफ आणि मॅजिक-यूझरचा फासा डी४ आहे, त्यामुळे निम्म्या वेळा हे लागेल. ही मुभा द्या. आणि लढाईआधीचा रिअ‍ॅक्शनचा फासा विसरू नका, समोर आलेला प्रत्येक ऑर्क लगेच तलवार उपसत नाही.