स्पोर्ट्स कार चोरीला गेली. शोधात लोकांची मदत कशी घ्यावी?

तिसरा_गिअर
दोन दारांची, बटनस्टार्ट स्पोर्ट्स कार काल रात्री दारासमोरून गेली. दोन्ही चाव्या घरातच आहेत, काच फुटलेली नाही. पोलिसांत तक्रार झाली, विमा कंपनीला कळवलं. गाडीच्या ॲपमध्ये शेवटचं ठिकाण अजून घरासमोरचंच दिसतंय. कारवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे. पोस्टमध्ये काय लिहू, काय नको? आणि लोकांना नेमकं काय बघायला सांगू?

गॅरेजचा_दिवा
आधी एक काम करा: ॲपमधून गाडी काढू नका. ठिकाण हललं नाही म्हणजे बहुधा जॅमर (सिग्नल अडवणारं यंत्र) लावलाय किंवा अँटेना तोडलीय. जॅमर बंद झाला की गाडीचं सिम पुन्हा बोलू शकतं.

पोस्टमध्ये मॉडेल, वर्ष, रंग, वेळ, प्लेट आणि तपास करणाऱ्या ठाण्याचा फोन द्या. पण प्लेट सगळ्यात आधी बदलतात, त्यामुळे भर दुसऱ्या खुणांवर हवा: चाकांचं डिझाइन, ब्रेक कॅलिपरचा (चाकातून दिसणाऱ्या ब्रेकच्या पकडीचा) रंग, बंपरवरचा ओरखडा. फोटो मागून आणि बाजूने काढलेले टाका, रस्त्यावर लोकांना गाडी तशीच दिसते. पूर्ण चॅसी नंबर टाकू नका. तो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चोरीच्या गाडीवर चढवता येतो. शेवटचे ६ आकडे पुरे.

आणि एक खूण कुणालाच सांगू नका, उदा. डिकीच्या गालिच्याखालचा डाग. ‘गाडी सापडली, आधी पैसे पाठवा’ असे फोन येणारच. त्यांना ती खूण विचारायची.

रातपाळी
लोकांना धावत्या गाड्या बघायला सांगू नका, उभ्या गाड्या बघायला सांगा. लपवलेल्या ट्रॅकरमागे कुणी येतंय का, हे कळावं म्हणून चोर गाडी एक-दोन दिवस कुठेतरी ‘थंड’ करायला ठेवतात: बहुमजली पार्किंग, सोसायटीतली पाहुण्यांची जागा, इस्पितळाचं आवार. म्हणजे पहिले ४८ तास सोन्यासारखे. नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक द्या, नाहीतर दहाजण एकाच रस्त्यावर फिरतात.

शेजाऱ्यांकडून सीसीटीव्ही आजच मागा. जुन्यावर नवं चढत जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहून घ्या, नाहीतर दोन कॅमेऱ्यांचा मेळ लागत नाही.

तिसरा_गिअर
सीटखाली एअरटॅग (ॲपलचा छोटा ट्रॅकर) आहे. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना त्या ठिकाणी पाठवू का?

पाना_पक्कड
मुळीच नाही. टॅगला स्वतःचं जीपीएस नसतं, शेजारून जाणाऱ्या ॲपल फोनवरून ठिकाण कळतं. त्यामुळे नकाशावरचा ठिपका कुठे आहे याइतकंच तो कधीचा आहे हेही बघा. चोराच्या फोनवर ‘अनोळखी टॅग सोबत आहे’ अशी सूचना जाऊ शकते, आणि मालकापासून ८ ते २४ तास दूर राहिल्यावर हलवला की टॅग स्वतःच वाजतो. तुम्ही आवाजाचं बटण दाबू नका. ठिकाणाची तात्पुरती लिंक तयार करून तपास अधिकाऱ्याला द्या; ती ७ दिवसांनी बंद होते.

गाडी दिसली तर लांबून फोटो, वेळ, ठिकाण आणि पोलिसांना फोन. दार उघडायचं नाही, ठसे पुसले जातात.

गॅरेजचा_दिवा
आठवडा उलटला की शोध सुट्या भागांकडे वळवा. दोन्ही हेडलाइट, सीट, एअरबॅग आणि चाकं एकाच विक्रेत्याकडे एकदम दिसली तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, विक्रेत्याशी वाद घालू नका. अख्खी गाडी विक्रीला दिसली तर काचेखालचा, दाराच्या खांबावरचा आणि चॅसीवर ठोकलेला नंबर जुळतो का ते पोलिसांकरवी तपासून घ्या. स्कॅनरने ईसीयूमधला (गाडीच्या संगणकातला) नंबरही वाचता येतो, तो बदलायचं बरेचजण विसरतात.

सापडलीच, तर चोरीची नोंद निघेपर्यंत चालवू नका, पुढच्याच नाक्यावर अडवतील. आणि गाडीच्या संगणकातली सगळ्या जुन्या चाव्यांची नोंद पुसून चाव्या नव्याने जोडून घ्या. चोरांकडे एक चावी असू शकते.