पाच रात्री, एकच शहर: रोम की फ्लोरेन्स?

शेवंती

दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या सुरुवातीला आईबाबांना घेऊन म्युनिकला बहिणीकडे जातेय. त्यातल्या पाच रात्री इटलीसाठी काढल्या आहेत. सामान उचलून दर दोन दिवसांनी हॉटेल बदलायचं नाही, हे आधीच ठरलंय. बाबा ७१ वर्षांचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनीअर. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंही खात नाही.

माझं मत फ्लोरेन्सच्या बाजूने आहे. घरात मात्र प्रत्येक जण एकच वाक्य ऐकवतोय, "इटलीला जाऊन रोम बघितलं नाही म्हणजे काय?" मला ते पटत नाही. आईबाबांना शहर बघायचंय, हजेरी लावायची नाही. फ्लोरेन्सला स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की कॅथीड्रलचा घुमट समोर येतो. दुपारी थकलो तर खोलीवर येऊन तासभर पडता येईल आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. रोममध्ये सकाळी बाहेर पडलेला माणूस रात्रीच परततो. पण निर्णय अजून झालेला नाही. ज्यांनी दोन्ही शहरं पाहिली आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा, विरोधात असेल तरी.

उनाड

विरोधातच लिहितो. रोम. दुसरा विचारही करू नका.

७१ व्या वर्षी माणूस इटलीला बहुधा एकदाच जातो. फ्लोरेन्स हे एका काळाचं शहर आहे, साधारण दोनशे वर्षांत बहरलेलं. रोममध्ये काळ एकावर एक रचून ठेवलाय. कोलोसियमपासून पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. वरचं चर्च १२ व्या शतकातलं. जिना उतरलात की खाली चौथ्या शतकातलं चर्च. त्याखाली आणखी उतरलात की रोमन काळातलं घर आणि मिथ्र देवाचं छोटं देऊळ. हा मिथ्र नावाने आपल्या वेदांतल्या मित्राचा भाऊबंद. तळाशी भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो. असा अर्धा तास मला फ्लोरेन्सने दिला नाही.

आणि रोममध्ये किती गोष्टी फुकट आहेत! सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा. तिकीट नाही, वेळ ठरवायची नाही, दार उघडं असेल तर आत जा. फ्लोरेन्समध्ये बऱ्याच नावाजलेल्या चर्चच्या दारातच तिकीट घ्यावं लागतं.

मिलानहून

नऊ वर्षं इटलीत राहतोय. पाहुणे आले की दोन्हीकडे घेऊन जातो, म्हणून पायांच्या हिशोबाने सांगतो.

रोमच्या जुन्या भागात मेट्रो जवळजवळ नाहीच, कारण जिथे खणावं तिथे काहीतरी जुनं सापडतं आणि काम थांबतं. पँथेऑन हे प्राचीन देऊळ, नावोना चौक, त्रेव्हीचं कारंजं हे सगळं पायी किंवा बसने. रस्त्यावर काळ्या दगडाचे ठोकळे बसवलेत; पावसात ते निसरडे होतात आणि नोव्हेंबर हा तिथला पावसाचा महिना. फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष: तिथे चढउतार, खडी आणि बसायला फार कमी जागा. व्हॅटिकनच्या संग्रहालयात सिस्टिन चॅपेलपर्यंत पोचता पोचता माझ्या सासूबाईंनी दोनदा विचारलं होतं, "अजून किती?" चॅपेलमध्ये गेल्यावर त्यांनी वर पाहिलंच नाही, कडेचा बाक शोधला. १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं एका माणसाने मान वर करून रंगवलेलं छत, आणि आपल्या माणसात ते बघायचं त्राण उरलेलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणखी एक, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्यावर नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दिवस लहान असताना मोठं शहर अंगावर येतं.

फ्लोरेन्सलाच जा. फक्त सोमवार सांभाळा. उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. तिकिटं आधीच काढा. घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. बाबांना तिथे नेऊ नका. त्याऐवजी कॅथीड्रलच्या मागचं संग्रहालय दाखवा. घुमटाचे लाकडी नमुने आणि बांधकामाची जुनी अवजारं तिथे आहेत, शिल्पकार गिबेर्तीचे मूळ सोनेरी दरवाजेही तिथेच. बाहेर बाप्तिस्मागृहाला लावलेत त्या प्रतिकृती.

पेठकर

पीडब्ल्यूडीचा माणूस म्हणालात म्हणून लिहितोय. मीही बांधकामातलाच. त्यांना पँथेऑन दाखवलं नाही तर ती मोठी चूक होईल.

आतून ४३.३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट. हेड्रियन बादशहाच्या काळातला, म्हणजे सुमारे १९०० वर्षं जुना. आत लोखंडाची एक सळई नाही, आणि सळईशिवाय बांधलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात नाही. खालच्या थरात जड खडी, वर जावं तसतशी हलकी, आणि अगदी वर ज्वालामुखीचा प्यूमिस दगड, जो पाण्यावर तरंगतो. घुमटाची जाडीही वर कमी होत जाते. माथ्यावर उघडं गोल भोक आहे. पाऊस आत पडतो आणि फरशीच्या उतारावरून बारीक छिद्रांतून निघून जातो. आपल्याकडे दहा वर्षांत स्लॅब गळायला लागते, हे ज्याने आयुष्यभर पाहिलंय त्याला त्या फरशीवर उभं करा.

मिलानहून

पेठकर, पँथेऑनचं सगळं मान्य. पण त्याच इंजिनीअरला फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट जास्त बोलका वाटेल असं मला वाटतं. पँथेऑन ओतायला खालून लाकडी सेंटरिंग होतं, म्हणजे काम पक्कं होईपर्यंत ते पेलणारा सांगाडा. फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलवर घुमटाची जागा कित्येक वर्षं उघडी पडून होती, कारण एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीचं सेंटरिंग करायला लाकूड आणायचं कुठून आणि ते पेलायचं कसं, हे कोणालाच सुचत नव्हतं. ब्रुनेलेस्की म्हणाला, सेंटरिंग नकोच. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत त्याने एकात एक अशी दोन कवचं उभी केली. मधूनमधून उभ्या विटा घालून तिरकी वीण अशी बसवली की ओल्या चुन्यातला थर खाली सरकू नये. माल वर चढवायला बैलांनी फिरवायचं यंत्र केलं. त्यात बैलांची दिशा न बदलता ओझं वर किंवा खाली नेता येत असे. तो घुमट खालून, चौकातून, नदीपलीकडून, कुठूनही दिसतो. बाबा पाच दिवस रोज त्याच्याकडे बघतील.

शेवंती

बाबांना हे दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. चष्मा पुसून म्हणाले, "सेंटरिंगचं पुन्हा वाच."

आता आईच्या जेवणाचं सांगा कोणीतरी. मी तीन पाकिटं ठेपले नेणारच आहे, पण रोज ठेपले खायला ती कशाला येईल?

चुलीवरची

जेवणात मी रोमच्या बाजूने, आणि कारण अंडं हेच आहे. तोस्काना म्हणजे फ्लोरेन्सचा प्रांत; तिकडचा ताजा पास्ता, तो रुंद पट्ट्यांचा पाप्पार्देल्ले वगैरे, बहुतेक अंड्यातच मळतात. रोममध्ये वाळवलेला पास्ता जास्त चालतो, नुसता रवा आणि पाणी. काचिओ ए पेपे मागा: पास्ता, मिरपूड आणि मेंढीच्या दुधाचं चीज, बस्स. फक्त स्पॅगेटीच हवं म्हणून सांगा, टोन्नारेल्लीत अंडं असतं. कार्बोनारा आणि आमात्रिचानाकडे बघूही नका, दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस. ज्यू वस्तीत आर्टिचोकचं अख्खं फूल तळून देतात, पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरतात. मात्र ते खरं हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात चांगलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पेकोरिनो आणि पार्मेझान या दोन्ही चीजमध्ये दूध फाडायला जनावराच्या जठरातला रेनेट वापरतात. आई ते मानत असतील तर आधीच ठरवा. तिथे गेल्यावर ताटासमोर ही चर्चा नको.

फ्लोरेन्सवरही अन्याय नको म्हणून सांगते. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर केलची भाजी घालून पुन्हा उकळलेलं दाट सूप. आपला शिळ्या पोळीचा कुस्करा ज्या मायेने होतो तीच माया त्यात आहे. मांसाचं पाणी घातलंय का एवढं विचारून घ्या. तिथल्या पावात मीठ नसतं, पहिल्या घासाला दचकायला होतं. तिखटमिठाची पुडी पर्समध्ये ठेवा.

तिसरी_घंटा

सगळे दगड आणि पास्ता बोलताहेत. मला रोम हवं ते आपल्या जुन्या ओळखीसाठी. ख्रिस्ताच्या पहिल्या शतकात रोमन जगातली जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत होती. पेरिप्लस या त्या काळच्या ग्रीक सागरी-व्यापाराच्या माहितीपुस्तकात कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही सगळी नावं आहेत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांचे लेख आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. समुद्राचा देव पंचगंगेकाठी कसा आला, हे तेव्हा गुरुजींना विचारलं होतं. उत्तर रोममध्ये उभं राहिल्यावर समजलं: एवढं मोठं, एवढं खाणारं, मिरी आणि मलमल मागणारं शहर जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हात पोचवतंच.

रोमहून नेपल्सला वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आत जाता येतं. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंताची छोटी भारतीय स्त्रीमूर्ती आहे. तिला लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी म्हणतात. भोकरदन आणि तेरला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली, म्हणजे त्याआधीच आपल्याकडून तिकडे पोचलेली. तिच्यासमोर मला रडू आलं. एवढा एक दिवस आईबाबांना द्या. मंगळवारी मात्र ते संग्रहालय बंद असतं.

पंचगंगा

तिसरी_घंटा, पोसायडन आमच्या गावचा म्हणून मी बोलायला हवं. कोल्हापुरात रोमहून देव आला हे खरं. पण कोल्हापूरचा राजा फ्लोरेन्सला राहिला, कायमचा.

छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे. ऐन विशीत इंग्लंडचा दौरा करून परत निघाले होते. वाटेत फ्लोरेन्सला आजार बळावला आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. शहरात दहनाची पद्धतच नव्हती, खास परवानगी घ्यावी लागली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला, चंदनाच्या आणि तुपाच्या वासात त्यांना अग्नी दिला. संगम शोधून काढला त्यांच्या माणसांनी, परमुलखात! १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे आमचा नवा राजवाडा केला. शेजारच्या पुलाला फ्लोरेन्सचे लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

महाराज गेले तेव्हा इटलीची राजधानी फ्लोरेन्सच होती. रोम जेमतेम दोन महिने आधी, २० सप्टेंबरला, इटलीच्या सैन्याने घेतलं होतं आणि राजधानी तिकडे हलली १८७१ मध्ये.

माझी आजी कोल्हापूर सोडून कधी कोकणापलीकडे गेली नाही. मी तिथून फोन करून "छत्रीपाशी आहे" म्हणालो तर तिने विचारलं, "हार घातलास का?" मी घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, फुलं घेऊन.

उनाड

पंचगंगा, वाचून अंगावर काटा आला. तरी माझं मत बदलत नाही. रोमहून फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास. सकाळी जा, छत्रीला हार घाला, घुमट बघा, रात्री परत या. एका दिवसासाठी अख्खं रोम सोडू नका.

मिलानहून

एका दिवसात फ्लोरेन्स म्हणजे रांग, घुमट, रांग, डेव्हिड, स्टेशन. छत्री शहराच्या पार पश्चिमेला आहे, ती हमखास राहून जाईल. मी पाहुण्यांबरोबर चार वेळा असाच दिवस काढलाय आणि चारही वेळा छत्री राहिली.

उनाड

मग सहावी रात्र काढा. म्युनिकची एक कमी करा.

शेवंती

बहीण हा धागा वाचतेय, तिने आत्ताच फोन करून सांगितलं की एकही रात्र कमी होणार नाही.

काल रात्री बाबांना पंचगंगांचा प्रतिसाद दाखवला. बाबांची पहिली नेमणूक कोल्हापूरला होती, माझा जन्मही तिथलाच. नवीन राजवाड्यावरून ते रोज सायकलने जात. बराच वेळ बोलले नाहीत. मग मँटचं नाव कसं लिहितात ते विचारलं, आणि छत्रीपर्यंत किती चालावं लागेल ते. आईने विचारलं, तिथे झेंडूची फुलं मिळतात का.

फ्लोरेन्स नक्की. पेठकर आणि तिसरी_घंटा, तुमचं वाचून जीव हळहळला, हे मनापासून सांगते. उनाड, तुमचं सान क्लेमेंते लिहून ठेवलंय.

उनाड

मला पटलेलं नाही. पण बाबांना नमस्कार सांगा.

पंचगंगा

शेवंतीताई, स्टेशनबाहेरून टी-१ ट्राम घ्या, काशिने स्टॉपला उतरा. तिथून बागेतून नदीकाठाने अडीच-तीन किलोमीटर, रस्ता सपाट आणि झाडांखालचा. परत येताना तेवढंच. आईंना ते जमणार नाही, त्यांच्यासाठी हॉटेलवरून टॅक्सी सांगा: पियाझालेत्तो देल्लिंदियानो. परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवा, तिथे रस्त्यावर मिळत नाही. सकाळीच जा, चारनंतर अंधारून येतं. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, तिथे फुलं मिळतात. झेंडू मला दिसला नाही. शेवंती मिळाली होती. पण फूलवाल्या बाई विचारतील कोणाच्या थडग्यासाठी नेताय, कारण त्या दिवसांत तिकडे शेवंती मृतांनाच वाहतात. हो म्हणा.