मदत हवी आहे: एचआयव्हीबाधित आई, टोक्सोप्लाझ्मा आणि बाळाचा नमुना

धडगाव भागातली गरोदर महिला, २८ आठवडे, एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू. सीडी४ (प्रतिकारपेशी) ९०, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची आयजीजी (जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गाची) निगेटिव्ह. संसर्ग जुना दिसतो, पण सीडी४ १००च्या खाली असताना तो पुन्हा उसळून वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी कोट्रायमोक्साझोल (सल्फा असलेलं औषध) १६०/८०० मिग्रॅ रोज चालू आहे. (सातपुड्यात सिकलसेल आठवणीने बघतात, जी६पीडी (लाल पेशींतल्या विकराची तपासणी) राहून जाते, सल्फासाठी तीही हवीच.)

अडचण बाळंतपणानंतरची. बाळाच्या रक्तात आईचीच आयजीजी उतरते, त्यावरून काही ठरत नाही. आयजीएम, आयजीए (बाळाची स्वतःची प्रतिपिंडं) आणि पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) लागेल. तेही बाळाच्या शिरेतून, नाळेच्या रक्तात आईचं मिसळू शकतं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी जवळच होईल.

धुळे-जळगावात आयजीए आणि पीसीआरचा नमुना कोण घेतं? नंदुरबारहून पाठवायचा तर कोणत्या नळीत, किती मिली, बर्फात की साधा?