पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन लावलाय, डॅशबोर्डचा स्विच तापतोय. वायरिंग कसं असायला हवं?

सातारी_पद्मिनी
नमस्कार मंडळी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी, चार्जिंग अजून जुन्या डायनामोवरच आहे, अल्टरनेटर नाही. हायवेला मस्त चालते पण पुण्यात सिग्नलला उभी राहिली की टेंपरेचरचा काटा चढायला लागतो, म्हणून वॉटर पंपाच्या पुलीवरचा पंखा काढून मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या मागे बसवून घेतला. इलेक्ट्रिकवाल्याने इग्निशनवरून वायर घेतली, डॅशबोर्डला एक साधा स्विच दिला आणि तिथून थेट फॅनला. फॅन फिरतो झकास पण थोड्या वेळात स्विच चटका बसेल इतका तापतो, वास पण येतो. आणि फॅन चालू असताना चावी बंद केली तर इंजिन लगेच बंद पडत नाही, जरा घुटमळतं. इलेक्ट्रिकवाला म्हणतो जाड वायर टाकू मग होईल. खरंच होईल का? का रिलेच (बारीक करंटवर चालणारा, मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागेल?

घाटमाथा
जाड वायरने स्विच वाचणार नाही हो. तो फॅन चालताना ८-१० अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट, आणि ते सगळं तुम्ही चाळीस वर्षं जुन्या इग्निशन स्विचच्या कॉन्टॅक्टमधून नेताय. आज डॅशबोर्डचा स्विच तापतोय, उद्या चावीचा जाईल.

चार पिनचा साधा १२ व्होल्टचा रिले घ्या, ३० किंवा ४० अँपिअरचा, बेससकट. पिनवर नंबर असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, रिलेजवळ नाही, कारण वायर मध्येच कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा जळतच राहणार. ८७ वरून फॅनच्या प्लसला. या दोन्ही वायरी अडीच स्क्वेअर मिमीच्या. ८६ ला इग्निशन, ८५ बॉडीला, पण मध्ये थर्मोस्विच, म्हणजे पाणी ठराविक तापलं की आपोआप लागणारा स्विच. ८५-८६ ला एकदम बारीक वायर चालते, रिलेची कॉइल पाव अँपिअर पण घेत नाही. तुमचा तोच डॅशबोर्डचा स्विच थर्मोस्विचला पॅरलल टाका, म्हणजे घाटात हाताने पण फॅन लावता येईल, आणि आता तो तापणार नाही कारण त्यातून फक्त कॉइलचा करंट जातोय.

पाच पिनचा रिले गळ्यात मारला तर मधली ८७ए मोकळी सोडा, तिला फॅन जोडला तर सगळं उलटं होतं, गाडी थंड असताना फॅन फिरत बसतो.

इंजिन घुटमळतंय ते फॅनमुळेच असणार. चावी बंद केली तरी पाती फिरत असतात, मोटर तेवढा वेळ जनरेटर होते आणि तुमच्या स्विचमधून करंट उलटा इग्निशन कॉइलला जातो. खात्री करायची तर आधी फॅन बंद करा, मग चावी. लगेच बंद पडली तर हेच कारण. रिले लागला की हे आपोआप जाईल.

डायनामोप्रेमी
वर सांगितलंय ते बरोबर आहे पण गाडी डायनामोवर आहे हे कोणी लक्षातच घेत नाहीये. आयडलिंगला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यासाठीच. आणि फॅन नेमका लागणार कधी? सिग्नलला, आयडलिंगला. वर रात्र असेल तर हेडलाइटचे ८-१० अँपिअर वेगळे, पावसात वायपर. सगळं बॅटरीतून जाणार आणि ऑफिस सुटल्यावर कर्वे रोडवर तासभर अडकलात तर गाडी ढकलायची तयारी ठेवा. मी असतो तर मूळ पंखाच परत लावला असता आणि रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घेतलं असतं. लोक रेडिएटर साफ करायचं सोडून फॅनच्या मागे लागतात.

घाटमाथा
रॉडिंगचं मान्य, पण यांची हायवेला तापत नाही म्हणतायत. रेडिएटर जाम असता तर ८० च्या स्पीडला, चढाला आधी तापली असती. फक्त उभी असताना तापते म्हणजे हवाच कमी पडतेय. जुन्या पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं आवरण) होता का? बऱ्याच गाड्यांचा काढून टाकलेला असतो. डायनामोचा मुद्दा मात्र खरा आहे, आधी अल्टरनेटर, मग फॅन. पद्मिनीला मारुतीचा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बऱ्याच लोकांनी बसवलाय, रेग्युलेटर आतच असतो त्यामुळे डायनामोचा बाहेरचा जुना कटआउट (रेग्युलेटरचा डबा) बाद.

सातारी_पद्मिनी
श्राउड नाहीये, आम्ही गाडी घेतली तेव्हापासूनच नाही. अल्टरनेटरचं बघतो मग. दोन शंका. ८६ थेट बॅटरीला दिला तर चावी बंद केल्यावर पण फॅन चालून इंजिन थंड करेल ना, ते चांगलं नाही का? आणि थर्मोस्विच बसवायचा कुठे, रेडिएटरला जागाच नाही.

कूलंट_काका
८६ थेट बॅटरीला देऊ नकोस. काही नव्या गाड्यांत चालतं, तुझ्याकडे पंप पट्ट्यावर, इंजिन बंद तर पाणी पण थांबलं, मग फॅन नुसतं रेडिएटरमधलं पाणी गार करत बसणार आणि बॅटरी खाणार. शिवाय बॉनेट उघडून हात घातलास आणि फॅन अचानक लागला तर बोटं जातील.

थर्मोस्विचसाठी रेडिएटरवाल्याकडे जा, पितळेची टाकी असेल तर तो थ्रेडवाला बॉस (स्विच पिळून बसवायची जागा) झाळून देतो. स्विच ९२-९५ डिग्रीला लागणारा आणि ८७ डिग्रीच्या आसपास सुटणारा घे. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह किती डिग्रीचा आहे ते त्याच्यावर छापलेलं असतं ते बघ, स्विच सुटायचं टेंपरेचर त्याच्या वरच पाहिजे, नाहीतर फॅन कधी थांबणारच नाही. थ्रेडला टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नकोस, एका वायरचा स्विच असला तर बॉडीला अर्थ थ्रेडमधूनच मिळतो. आणि रेडिएटर रबराच्या बुशवर बसवलेला असला तर टाकीवरून चॅसिसला वेगळी अर्थ वायर टाक.

फॅनची काळी वायर पण रंगावर नुसता स्क्रू मारून लावतात, तसं नको. पत्रा खरवडून, वायरच्या टोकाला थिंबल (धातूचं टोपण) क्रिंप करून, वरून ग्रीस. सगळं झाल्यावर फॅन चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी फॅनच्या प्लसला लाव, मग तसंच मायनस ते मायनस. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर जोड चांगले. जास्त आलं तर एकेक जोड पुढे सरकत बघत जा, बहुतेक वेळा फ्यूज होल्डरच निघतो, ते स्वस्तातले काचेच्या फ्यूजवाले मिळतात ना ते घेऊच नकोस, पात्याच्या फ्यूजचा होल्डर घे.