मदत हवी आहे: नाटक + इंग्रजी भाषाविज्ञान, यूकेतली जॉइंट डिग्री

भाचीचा यूकॅसचा (यूकेतल्या विद्यापीठांसाठीचा सामाईक) अर्ज भरायचाय. इंग्लंडमध्ये नाटक आणि इंग्रजी भाषा-भाषाविज्ञान अशी तीन वर्षांची जोड पदवी. वर्षाला १२० क्रेडिट, साधारण निम्मे-निम्मे. एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे २० क्रेडिटच्या नाट्यप्रयोगाच्या पेपरला २०० तास, तालमी धरून. तालमी संध्याकाळी, आणि त्याच आठवड्यात ध्वनिलेखनाची (उच्चार चिन्हांत लिहिण्याची) असाइनमेंट. हे वेळापत्रक दोन विभाग एकमेकांना विचारून ठरवतात का? विद्यापीठांच्या ओपन डेला कुणी धड सांगत नाही.

खरी अडचण पर्सनल स्टेटमेंटची, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या मजकुराची. अभ्यासक्रमांच्या निवडी पाच, मजकूर मात्र एकच: तीन प्रश्न, प्रत्येकी किमान ३५० अक्षरं, सगळं मिळून ४,०००, मोकळ्या जागाही मोजतात. तिच्या दोन निवडी नुसत्या भाषाविज्ञानाच्या आहेत. नाटकावर भर दिला की तिथे गाडी अडणार.

म्हणून दोन्हीकडे चालेल असा एकच धागा घ्यावा असं वाटतं: लंडनची कॉकनी ही कामगारवर्गाची बोली बोलणाऱ्या पात्राचा 'हाउस'मधला 'ह' गळून 'आउस' होतो, ते नाटक मराठीत आणताना 'पाणी'चं 'पानी' केलं, तर वर्ग कळतो पण गाव बदलतं. यात ध्वनी, समाज, रंगमंच तिन्ही आले. 'मला रंगभूमीची आवड आहे' छापाच्या वाक्यांपेक्षा हे बरं.

हे उदाहरण पहिल्या प्रश्नात, विषय का निवडला त्यात, घालावं की दुसऱ्यात, अभ्यासाने काय तयारी झाली तिथे? अशी जोड पदवी केलेल्या किंवा शिकवणाऱ्या कुणी सांगाल का?