मोसद्देगनिष्ठांचा छोटा पक्ष
इराणच्या ‘मिल्लत’ (राष्ट्र) या छोट्या पक्षाला एका प्रतिसादात शाहसमर्थक, म्हणजे इराणच्या राजाचा पाठीराखा, ठरवले आहे, ते मला मुळीच पटत नाही. १९५१ साली अखिल-इराणवादी (सर्व इराणी लोकांना एकत्र आणू पाहणाऱ्या) चळवळीत फूट पडली तेव्हा दारयुश फोरुहर यांचा गट, म्हणजेच हा पक्ष, पंतप्रधान मोसद्देग यांच्या बाजूने उभा राहिला, आणि १९५३च्या सत्तापालटात मोसद्देग पदच्युत झाल्यानंतरही ती निष्ठा न सोडल्यामुळे फोरुहर यांनी शाहच्या तुरुंगात अनेक वर्षे काढली. शाहची सत्ता उलथवणाऱ्या १९७९च्या क्रांतीनंतर पंतप्रधान बाजरगान यांच्या हंगामी सरकारात फोरुहर श्रममंत्री झाले खरे, पण लवकरच पुन्हा विरोधात गेले. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी तेहरानमधील राहत्या घरी त्यांना आणि त्यांच्या पत्नी परवाने यांना सुऱ्याने भोसकून मारण्यात आले. पुढे जानेवारी १९९९मध्ये गुप्तचर मंत्रालयाला आपल्याच माणसांचा हात कबूल करावा लागला.