शर्यतीआधी शहर बघावं की पाय जपावेत?

मॅरेथॉनआधीचे दोन दिवस नवं शहर बघण्यात घालवले तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझं मत : पळतच बघा. पहाटे 5-6 किलोमीटर संथ धावत नदीकाठ, जुनी वस्ती पालथी घालायची; रस्ते रिकामे असतात. वेगासाठी मात्र घड्याळावर विसंबू नका. उंच इमारतींवर आपटून आलेल्या संकेतांमुळे जीपीएस वाट्टेल ते आकडे दाखवतं. बोलता येईल इतपतच पळा, बस्स.

खरा घात करतात ती संग्रहालयं. तिथे चालणं कमी, ताटकळणं जास्त, तेही कडक फरशीवर. मी एकदा आदल्या दिवशी साडेचार तास असा फिरलो (वर मनोऱ्याच्या पायऱ्याही चढलो, हौस दांडगी!). दुसऱ्या दिवशी तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांनी सगळी वसुली केली, उरलेले 12.195 किलोमीटर निम्मे चालत, निम्मे कण्हत. तेव्हापासून असली ठिकाणं शर्यतीनंतर. आदल्या दिवशी फार तर बस किंवा बोटीतून, बसल्या बसल्या.

आणि हो, परदेशात जाणार असाल तर साधारण एका टाइम झोनमागे एक दिवस धरून तिकीट काढा. झोपेचं गणित बसायला तेवढा वेळ लागतोच.